काळ्या लोकरीचं पारडू

फरच्या लोकरीचे टाके दिसत नाहीत. हे कुणी आधी सांगितलं असतं, तर मी त्या भानगडीत पडलेच नसते.

माझं माहेर इंदापूर तालुक्यातलं वरकुटे. तिथं आईनं मला क्रोशा शिकवला तो दोऱ्याचा. दाराची तोरणं, टीव्हीवरचे रुमाल. दोऱ्यात टाका न् टाका मोजता येतो. पण बारामतीहून ही काळी फरची लोकर आणली, साखळी घातली, एक ओळ विणली आणि बघते तर हातात नुसते केस. सुई कुठं घालायची तेच कळेना. दुसऱ्या दिवशी तणतणत दुकानात गेले. दुकानातल्या भाभी हसल्या, माझं बोट धरून त्या केसांत खुपसलं आणि म्हणाल्या, "बघत बसू नका, ताई. चाचपा. टाका लागतो बोटाला."

स्कार्फ लेकीसाठी होता. मी नको नको म्हणत असताना जूनमध्ये ती हिमाचलात नोकरीला गेली. पुण्यात नोकऱ्या संपल्या का, हे माझं पालुपद. ती निघाली त्या सकाळी सगळं घर फाटकात उभं आणि मी गोठ्यात, म्हशीच्या आडोशाला, भिंतीकडं तोंड करून. "आई, येते," ती दारातून म्हणाली. मी मान वळवली नाही. मी रागीट आहे हे माझ्या सासरच्या गावाला, अख्ख्या पणदऱ्याला ठाऊक आहे, पण त्या दिवशी मी केलं त्याला राग म्हणत नाहीत, दुष्टपणा म्हणतात. मग फोनवर आमचं बोलणं जेवलीस का, पाऊस आहे का, एवढ्यावर आलं. दिवाळीनंतर ती एकदा म्हणाली, इथं थंडी फार आहे. मी लोकर आणली आणि स्कार्फ विणतेय एवढं तिला कळवलं. माफी मागणं मला जन्मात जमलेलं नाही. विणायला जमतं.

दुपारी कामं उरकली की मी गोठ्यातच पोतं टाकून बसायची. उसाला तुरे आले होते. वाऱ्याबरोबर कारखान्याच्या मळीचा गोड-आंबूस वास यायचा, जायचा. म्हैस रवंथ करायची, तिचं दहा दिवसांचं पारडू माझ्या मांडीला टेकून झोपायचं आणि मी डोळे मिटून विणायची. उघडे ठेवून तरी काय दिसणार होतं? बोटं केसांत शिरायची, टाका शोधायची, सुई आत, लोकर बाहेर. अशीच तर मी लेकीच्या केसांत बोटानं भांग शोधायची, ती शाळेच्या घाईत चुळबुळ करत असताना. मला डुलकी लागायची आणि हात चालूच राहायचे. कितीदा तरी ती लहान होऊन पुढ्यात बसलेली असायची. एकदा अशाच झोपेत मी सुई पारडाच्या कानाला लावली. दोघंही दचकलो. वीस टाक्यांवर सुरू केलेला स्कार्फ मध्येच पंचवीसचा झाला, पुढं अठराचा. मी उसवला नाही. त्या दुपारी उसवाव्यात असं मला वाटेना.

स्कार्फ पुरा होत आला आणि पारडू आजारी पडलं. थंडी कडाक्याची होती, ते थरथरत होतं. गोणपाट पुरेना, म्हणून मी तो स्कार्फच त्याच्या गळ्याला, पोटाला गुंडाळला. डॉक्टर दोनदा येऊन गेले. चार दिवस ते त्या फरमध्ये निजलं. पाचव्या सकाळी उठलं नाही.

म्हशीनं दूध चोरलं. म्हणजे कास भरलेली, पण पान्हा सोडेना. वैरणीला तोंड लावेना. पारडाला नेलं त्या फाटकाकडं बघत दोन दिवस नुसती रेकत होती. पूर्वी मेलेल्या पारडाच्या कातड्यात भुस्सा भरून ते म्हशीपुढं उभं करायचे. आबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, ते लहानपणापासून बघवायचं नाही, आणि पान्हा सोडवायचं इंजेक्शन तर त्याहून नको. तिसऱ्या सकाळी मी स्कार्फ धुवायला बादलीत साबण कालवला, तेवढ्यात ते काठी टेकत आले.

"भिजवू नगं, पोरी. पारडाचा वास हाय त्याला. ठेव की तिच्याम्होरं."

"आबा, त्यो लेकीचा हाय," मी म्हणाले. माझा आवाज चढलाच.

म्हैस पुन्हा रेकली. मी तशीच गेले आणि स्कार्फ गव्हाणीवर टाकला.

तिनं हुंगला. बराच वेळ हुंगला. मग खरखरीत जिभेनं चाटायला लागली, गळ्याच्या टोकापासून खाली, ओळीनं. मी कासेला हात लावला तर सड भरून आले होते.

"फसली बिचारी," मी म्हणाले.

"न्हाय," आबा म्हणाले. "तिला कळतंय की ते पारडू न्हाय. वास हाय नव्हं, तेवढ्यावर भागतंय तिचं."

मी धार काढता काढता रडले. आबांना वाटलं पारडासाठी. माझ्या कपाटात लेकीचा एक कुर्ता होता, जूनपासून न धुतलेला. घरात कुणी नसलं की मी कपाट उघडायची. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही.

तशी लोकर बारामतीत पुन्हा मिळाली नाही. भोगीला लेक आली आणि बॅग ओसरीवर टाकून सरळ गोठ्यात गेली. मी मागोमाग गेले. गव्हाणीवर स्कार्फ, चाटून चाटून चिकटलेला.

"हाच का गं माझा?"

मी सगळं सांगितलं. पारडाचं, म्हशीचं. सांगता सांगता तेही तोंडून निघून गेलं, "त्या दिशी मी भायेर आले न्हाय. चुकलं माझं."

ती म्हशीच्या कपाळावर हात फिरवत होती. "मी फाटकात थांबले होते जरा वेळ," ती म्हणाली. "असू दे. स्कार्फ हिलाच राहू दे."

चार दिवसांनी ती निघाली. मी तिळाच्या वड्यांचा डबा तिच्या बॅगेत कोंबत होते. तिनं माझा पदर धरला.

"आई, ही साडी दे मला."

"ही? अगं, गोठ्यातली हाय. शेणाचा वास मारतोय. थांब, धुतलेली देते."

"धुतलेली नको."

मी आत जाऊन साडी बदलली. तिनं ती घडी न घालताच छातीशी धरली, मग बॅगेत सगळ्यात वर ठेवली. या खेपेला मी फाटकापर्यंत गेले.