तिथी विचारणारे युसुफभाई

युसुफभाई गेल्याचा फोन मला आला नाही, माझ्या बायकोला, मीनलला आला. भर दुपारी, हर्णैहून, त्यांच्या बायकोचा. मी कामावरून घरी आलो तेव्हा मीनल गॅस बंद करून ओट्यापाशी नुसतीच उभी होती. "युसुफभाई गेले," म्हणाली. रजेवर गावी गेले होते, सकाळचा चहा घेऊन अंगणात बसले आणि... बस, तेवढंच. याला आता दीड महिना होत आला. तरी गुरुवारी संध्याकाळी मीनलचा फोन वाजला की आम्ही दोघं एकमेकांकडे बघतो.

बहरीनच्या दक्षिणेला, सखीरच्याही पुढे, वाळवंटात एक लष्करी तळ आहे. तिथल्या इमारतींची देखभाल करणाऱ्या कंपनीत मी इंजिनीअर आणि युसुफभाई तळाच्या मेसमध्ये गोदामाचे कारकून. ते राहायलाही तिथेच, कॅम्पवर. चहूकडे वाळू, तारेचं कुंपण आणि पाण्याच्या टाक्या. हर्णैच्या माणसाने अशा जागी आठवडा काढायचा म्हणजे शिक्षाच. तळाच्या फाटकातून निघालं की अर्ध्या तासाच्या आत जल्लाकचा किनारा लागतो, हा शोध त्यांचाच. शुक्रवारी सकाळी लवकर निघायचं आणि जुम्म्याच्या नमाजाआधी परत यायचं, हा नियमही त्यांचाच. गाडी माझी, हुकूम त्यांचा.

त्या दिवसांत आमच्या घरात काही ठीक चाललं नव्हतं. पुण्यातली कॉलेजची नोकरी सोडून मीनल माझ्यामागे आली होती. जनाबियातल्या आमच्या घरात दिवसभर ती आणि एसीचा आवाज. "मार्चपर्यंत बघते, नाहीतर मी परत जाते," असं तिने शांतपणे सांगून टाकलं होतं. ती भांडली असती तर मी इतका घाबरलो नसतो. एक संसार दोन देशांत कसा चालवतात, ते मी कॅम्पवर रोज बघत होतो. एकदा चहा पिताना युसुफभाईंपाशी हे बोलून गेलो. त्यांनी ना धीर दिला, ना सल्ला. "वहिनींचा नंबर द्या," एवढंच म्हणाले.

त्या गुरुवारी मीनलला फोन आला. "वहिनी, मी युसुफ, मेसवाला. उद्या तिथी कुठली ओ?"

तिने भिंतीवरचं कॅलेंडर पाहून सांगितलं, एकादशी.

"मग सव्वाआठला भरती. साहेबांना बोला, सातला गाडी काढा. तुम्हीपण यायचंय."

हर्णैला त्यांचे वडील असाच हिशेब करत. तिथीची पाऊणपट काढायची, की भरतीची वेळ तयार. घड्याळ चुकेल, तिथी चुकणार नाही! दुसऱ्या दिवशी सव्वाआठला आम्ही जल्लाकला पोचलो, तर समुद्र जागेवर नव्हता. लांबच लांब चिखल, शेवाळ आणि एका कुशीवर कललेली होडी. युसुफभाई टॉवेलात गुंडाळलेलं पातेलं छातीशी धरून चिखलाच्या कडेपर्यंत गेले. मग गंभीरपणे म्हणाले, "इकडचा दर्या अरबी हाय. आपली तिथी त्याला मफी मालूम, ठाऊकच नाय."

मीनल हसायला लागली. इतकी, की तिला वाळूत बसावं लागलं. बहरीनमध्ये तिला असं हसताना मी पहिल्यांदाच बघत होतो. पातेल्यात मच्छीचं कालवण होतं, आणि मीनल शाकाहारी म्हणून वेगळ्या डब्यात उकडलेली रताळी. एकादशी ऐकून त्यांनी रातोरात मेसमधून पैदा केलेली.

एवढी फजिती झाल्यावर कोणीही सुधारला असता. पण पडलो तरी नाक वर, हा त्यांचा बाणा. पुढच्या गुरुवारी पुन्हा फोन, पुन्हा तिथी, पुन्हा चिखल. भरती सापडली, तर ती चुकून. फोन मात्र लांबत गेले. तिथीला अर्धं मिनिट, मग उसळीला वाटण काय घालता इथपासून कॉलेजातली पोरं कॉपी कशी करायची इथपर्यंत. मीनल गुरुवारची वाट बघू लागली. त्याच किनाऱ्यावरच्या रस्त्यावर ती इथली गाडी चालवायला शिकली, मागच्या सीटवरून युसुफभाईंच्या "यल्ला वहिनी, चला" या गजरात. मार्च आला, गेला. परत जायचा विषय कोणी काढला नाही.

ते गेल्यानंतर पंधरा दिवसांनी त्यांच्या बायकोचा, रुखसानाभाभींचा पुन्हा फोन आला. बोलता बोलता मीनलने तिथीचा किस्सा सांगितला. भाभी म्हणाल्या, "अगं, त्यांना चांदाची तारीख रोजची तोंडपाठ. तिथी विचारायची गरज काय? मी बोलले पण, मग त्या बाईला कशाला तरास देता? तर म्हणाले, दिवसभर घरात एकटी असते. तिच्याकडचं काहीतरी कोणाला तरी लागलं पाहिजे."

त्यांची चांदाची तारीख काय नि आपली तिथी काय, तोच चंद्र, तेच दिवस. एवढी साधी गोष्ट मी इंजिनीअर असून माझ्या टाळक्यात कधी शिरली नाही. मीनल त्या दिवशी खूप रडली. मीही रडलो. माझा संसार ज्या माणसाने सावरला, त्याला मी शेवटपर्यंत हट्टी म्हणून चिडवत आलो होतो, आणि त्याला ते आवडायचंही.

गेल्या गुरुवारी मीनल म्हणाली, उद्या समुद्रावर जाऊ. शेजारच्या घरात नाशिकची प्राजक्ता नुकतीच नवऱ्यामागे आली आहे, तिच्या घराचं दार सहसा उघडत नाही. खिचडी न्यायची म्हणून मी ओट्याखालचा मोठा कुकर काढून ठेवला. मीनलने तिला फोन लावला. "प्राजक्ता, उद्या आमच्याबरोबर येशील? आणि एक काम होतं गं. आमच्याकडे मोठा कुकर नाही. तुझा आणशील का?"

बोलता बोलताच तिने वाकून आमचा कुकर पुन्हा ओट्याखाली सरकवला.