डाव्या अंगठ्याचा कागद

गद्रे वकील गेल्याची बातमी मला पिंपळे गुरवात चहाच्या टपरीवर कळली. सांगणारा वर हसून म्हणाला, "तुमच्याविरुद्ध लढलेले ना हो ते? सुटलात की!" सुटलो म्हणे! तिथंच झापला त्याला. महिना होत आला, तरी राग जात नाही, म्हणून लिहितोय.

होय, ते विमा कंपनीचे वकील होते. पन्नासच्या दशकात पिंपरीकडं नवे कारखाने आले. तिथं कुणाचा हातपाय गेला आणि भरपाईचा दावा लागला, की तो हाणून पाडायला गद्रे उभे. माझा डावा अंगठा प्रेसमध्ये मुळापासून तुटला, तेव्हाही समोर तेच. पहिल्याच तारखेला मला घाम फोडला. "यंत्राची जाळी तुम्हीच काढली होती ना?" मी म्हणालो, "व्हय सायब... काम लवकर उरकायला समदेच काढायचे." खोटं बोलता आलं नाही म्हणून बायकोनं आठवडाभर माझा उद्धार केला. दावा गेला असता, तर अशा हाताला काम कोण देणार होतं?

पुढच्या तारखेला पुण्यात, कोर्टाच्या व्हरांड्यात, विमा कंपनीच्या साहेबानं गद्र्यांच्या हातात एक कागद ठेवला. त्यांनी तो मोठ्यानं वाचला. मला सगळं मिळालं, माझी काही तक्रार नाही, आणि खाली माझा अंगठा. मी तेव्हा अंगठेबहाद्दर खरा, पण तो कागद मी जन्मात पाहिला नव्हता! गद्रे सरळ माझ्यापुढं आले.

"काशीद, डावा हात दाखवा."

दाखवला...

आपल्याकडं पुरुषाचा डावाच अंगठा घेतात. कागद बनवणाऱ्या दीडशहाण्यानं तीच रीत पाळून शेजारी "डावा अंगठा" असं लिहिलेलं, आणि तारीख अपघातानंतरची! गद्रे साहेबाकडं वळले. "हा मी दाखल करणार नाही."

"अहो, तुम्ही आमचे वकील ना?"

"म्हणूनच सांगतोय. दाखल केलात तर आत जाल. पटत नसेल तर दुसरा वकील बघा."

त्यांनी खरंच दुसरा बघितला. तो कागद मात्र पुन्हा बाहेर आला नाही, आणि जाळी तिथं सगळेच काढायचे हे कोर्टाला पटून दावा मी जिंकलो. पेढे घेऊन गेलो तर गद्रे खेकसले, "मी तुमच्या बाजूचा नव्हतो, काशीद. पेढे न्या परत. आणि सही शिका. वाचल्याशिवाय करू मात्र नका." त्या कंपनीनं त्यांना पुन्हा काम दिलं नाही. पुढं दुसऱ्या विमा कंपनीकडून त्यांनी माझ्या चुलतभावाचा दावा पाडला. बरोबरच पाडला! तो गोठ्यात घसरून पडला होता आणि दावा ठोकला होता कारखान्यावर.

परवा त्यांच्या शोकसभेला गेलो. दारात वही ठेवली होती. माझं धोतर बघून टेबलावरच्या गृहस्थानं शाईचा पॅड पुढं सरकवला. "बाबा, अंगठा चालेल." मी पॅड बाजूला केला आणि आधी वही वाचली. वर ठळक अक्षरांत होतं, "कामगारांचे कैवारी".

मी ते खोडलं.

"अहो, हे काय करताय?" गृहस्थ ओरडले.

खोडलेल्याच्या वर मी लिहिलं, "विमा कंपनीचे वकील." पुन्हा एकदा वाचलं. मग खाली सही केली.