नानांचा शब्द कोर्टात चालला

माझी शाळा चौथीपर्यंत. पण आमच्या घराण्यातल्या खुनाबद्दल खोडदच्या शिवारात जो तो ठोकून देतो, म्हणून खरं काय ते मीच लिहितो.

थोरल्या चुलत्यांना आम्ही नाना म्हणायचो. सामाईक विहिरीच्या पाण्याची पाळी नानांची होती. धाकट्या चुलत्यानं मधेच पाट फोडून पाणी आपल्या उसात घेतलं. नानांनी उसात जाऊन फावडं घातलं डोक्यात. बघायला कुणी नव्हतं. मग परत येऊन पाट बांधला आणि राहिलेले कांदे भिजवले.

दुपारी मला म्हणाले, "सायकल काढ, ठाण्यात काम हाय." मला वाटलं, भांडणाची तक्रार असंल. ठाण्यात नाना खुर्ची ओढून बसले. "भावाला मारला. सकाळी."

हवालदार म्हणाला, "आन् आत्तापतूर काय करत व्हता?"

"कांदं भिजवीत व्हतो. पाळी माझी व्हती. तुमी काय पाणी सोडणार व्हता?"



पुढं वकील म्हणाला, पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही, साक्षीदार नाही, फक्त गप्प बसा, सुटाल. नाना असे भडकले, जणू वकिलानंच खून केलाय. "चालत न्हाई म्हंजे? मी काय लबाड हाय?"

गप्प बसवायचं काम घरानं माझ्यावर टाकलं. मी हातापाया पडलो. कोर्टात वकील तर सारखा डोळे वटारत होता. जज्जसाहेबांनी विचारलं, काही सांगायचंय का? नाना उठले. "मीच मारला. फावड्यानं." साहेबांनी पुन्हा विचारलं, म्हणाले, विचार करून बोला. नानांना वाटलं साहेब बहिरे आहेत. दुसऱ्यांदा असे ओरडले की बाहेरचा पट्टेवाला आत डोकावला. वकिलानं कागद गुंडाळले.

जन्मठेप झाली. गाडीत बसवताना मी रडत शिव्याच घातल्या, "नाना, लई शाणे तुमी! तोंड मिटून बसला अस्ता, तर आज घरी आला अस्ता."

म्हणाले, "आलो अस्तो. पर रोज विहिरीवर जायचं तिच्याच दारावरनं ना?" ती म्हणजे मेलेल्याची बायको.

मीही त्यांचाच पुतण्या. म्हटलं, "वड्याकडनं वाट हाय की दुसरी."

नाना गाडीत चढले.