फुकटचं सरपण

आमच्या घरातल्या वुड स्टोव्हबद्दल मी एकही चांगला शब्द लिहिणार नाही, हे आधीच सांगून टाकते. बाहेर बर्फ, आत काचेआड ज्वाळा आणि हातात कॉफीचा मग, असलं काही वाचायचं असेल तर दुसरीकडे जावं.

डेट्रॉइटजवळच्या नोव्हायच्या पश्चिमेला अर्ध्या तासावर, शहराची गॅस लाइन जिथं पोचत नाही, तिथं आम्ही घर घेतलं. का, तर एक एकर जागा. माझा नवरा गाड्यांच्या कंपनीत इंजिनियर आहे. पुण्यात तो दोन खोल्यांत वाढला, त्यामुळे एकर हा शब्द कानावर पडला की त्याचं डोकं चालेनासं होतं. इथं घर गरम ठेवायचं तर मागच्या अंगणातल्या टाकीत प्रोपेन गॅस भरून घ्यावा लागतो. पहिल्या थंडीचं बिल आलं ते त्यानं तीनदा उलटसुलट करून पाहिलं. मग म्हणाला, की आता आपण लाकूड जाळायचं, लाकूड फुकट आहे.

वादळात झाड पडलं की लोक घेऊन जा म्हणतात, हे फुकट. ते आणायला जुना पिकअप ट्रक घेतला, कापायला करवत, फोडायला मशीन. स्टोव्ह बसवला, छतातून त्याचं धुराडं काढलं. घराच्या इन्शुरन्सवाल्यांनी हप्ता वाढवला. त्याची कंबर धरली ती वेगळीच. याला फुकट म्हणणारा माणूस लाखात एक, आणि तो माझ्या वाट्याला आला. धुराडं बसवणाऱ्यानं बजावलं होतं, ओलं लाकूड जाळू नका, फोडून निदान वर्षभर वाळू द्या. ह्यानं शहाण्यासारखी मान डोलावली आणि उन्हाळ्याच्या शेवटी फोडलेलं लाकूड नोव्हेंबरात जाळायला काढलं. ते पेट घेईना. नुसतं धुमसायचं, टोकांतून फेस यायचा, आणि नवीन ओंडका टाकायला दार उघडलं की भसकन धूर घरात.

त्याच नोव्हेंबरात माझी आई आली. बाबांना जाऊन सात-आठ महिने झाले होते आणि कराडच्या घरात ती एकटी होती. तिला मी सहा महिन्यांसाठी चल म्हणून आणलं होतं, पण मला तिला परत पाठवायचंच नव्हतं. तिच्या ग्रीन कार्डचे कागद मी गुपचूप जमवायला घेतले होते. एकुलती एक मुलगी मी, ती म्हातारपणी माझ्याजवळ राहावी यापलीकडे मला काही नको होतं. ही एक थंडी तिनं काढली की ती रमेल, असा माझा हिशेब.

आईनं तरुणपणी कॉलेजच्या मुलांचे जेवणाचे डबे केले, तेही चुलीवर. घरात गॅस आला तोवर तिच्या छातीचं जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. थंडी पडली की खोकला ठरलेला. लहानपणी त्या खोकल्यावरून ती घरात कुठं आहे ते मला कळायचं.

इथं आल्यावर तिची पंचाईत झाली. तिच्या आईनं लेकीला मूल होईपर्यंत लेकीच्या घरी पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. आई इतकी कडक नव्हती, पण जावयाच्या घरी बसून खाणं तिला जमेना. भांडी मशीन धुतं, कपडे मशीन धुतं आणि वाळवतं, केर काढायला गोल यंत्र घरभर फिरतं. स्वयंपाक करावा तर आम्ही दोघं डाएटवर. ती हात मांडीवर ठेवून बसायची आणि माझा नवरा घरात आला की उठून उभी राहायची. मी शंभरदा सांगितलं, बस. बसायची नाही.

मग तिला स्टोव्ह सापडला. नवऱ्याचा विस्तव सकाळपर्यंत विझून जायचा. आईनं निखारे राखेत दाबून ठेवले आणि पहाटे ढलप्या लावून फुंकर घातली. आम्ही उठलो तर घर ऊबदार. नवरा खूश. त्यानं तिला सांगितलं की आई, हे तुमच्याच हाताला साधतं. मी दोघांच्या तोंडाकडे बघत होते. गेल्या कित्येक महिन्यांत आईचा चेहरा असा उजळलेला मी पाहिला नव्हता, म्हणून मी गप्प बसले.

आठवडाभरात सगळा स्टोव्ह तिच्याकडे गेला. ती गॅरेजमधून लाकूड आणायची, राख काढायची, दर तासा-दीड तासानं दार उघडून वाकून फुंकायची. गुडघ्यांवर बसून फुंकताना तिला धाप लागते हे नवऱ्यानंही पाहिलं. दुसऱ्या कोणी तिला उठवलं असतं. ह्यानं कंपनीच्या वर्कशॉपमधून स्टीलची नळी कापून आणली, कडा घासून गुळगुळीत केल्या आणि फुंकणी म्हणून तिला भेट दिली. वर तिचा फुंकतानाचा फोटो काढून मित्रांच्या ग्रुपवर टाकला. तो फोटो मी अजूनही बघू शकत नाही.

डिसेंबरात मित्रमंडळी जेवायला आली. स्टोव्हभोवती घोळका झाला. आईनं निखाऱ्यावर भाजलेल्या वांग्यांचं भरीत सगळ्यांनी बोटं चाटत खाल्लं. एक जण नवऱ्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "सॉलिड यार, काकूंनी तुझं हीटिंगचं बिलच कॅन्सल केलं." सगळे हसले. आईही हसली आणि हसता हसता तिला जी खोकल्याची उबळ आली ती थांबेचना. मी तिला बाथरूममध्ये नेलं. बाहेर हसणं चालूच होतं.

नाताळाच्या सुमाराला तिला धड वाक्य पुरं करता येईना, तेव्हा अर्जंट केअरच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं विचारलं, घरात कोणी सिगरेट ओढतं का. नवरा ताठ मानेनं नाही म्हणाला. मी स्टोव्हचं सांगितलं. डॉक्टर म्हणाली, ह्यांना धुराच्या आसपाससुद्धा ठेवू नका. परत येताना गाडीत नवरा म्हणाला की पुढच्या वर्षी लाकूड नीट वाळलेलं असेल, हा एवढा सीझन अ‍ॅडजस्ट करू. मागच्या सीटवरून आई म्हणाली, त्यांचं बरोबर आहे. त्या क्षणी मला दोघांचाही सारखाच संताप आला.

दुसऱ्या दिवशी तो कामावर गेला आणि मी ऑनलाइन टाकलं, लाकूड फुकट, येऊन घेऊन जा. दुपारपासून ट्रक लागले. अंधार पडेपर्यंत गॅरेज आणि अंगण रिकामं झालं. प्रोपेनवाल्यालाही बोलावून टाकी भरून घेतली. नवरा आला, अंगणात उभा राहिला, मग आत येऊन त्यानं माझा सगळा उद्धार केला. त्याची मेहनत, त्याची कंबर. मी त्याला सांगितलं की ज्या दिवशी तू तिच्या हातात फुंकणी दिलीस त्या दिवशी तू माझ्या मनातून उतरलास.

आईनं हे सगळं तिच्या खोलीतून ऐकलं. मी आत गेले तर ती साड्यांच्या घड्या घालत होती.

"माझं तिकीट अलीकडचं करून दे," ती म्हणाली.

मी म्हटलं, हे घर माझंही आहे, मी त्याच्याइतकंच कमावते, तू माझ्या जिवावर राहा.

"तू कमावतेस, ठाऊक आहे मला. मी कमावत नाही ना. त्या शेगडीपुरतं तरी माझं काहीतरी होतं या घरात."

मी रडले, भांडले, ग्रीन कार्डचे कागद तिच्यासमोर पसरले. तिनं ते चष्मा लावून पाहिले, नीट गोळा करून माझ्या हातात दिले आणि मला झोपायला जा म्हणाली.

ऐन जानेवारीत आम्ही तिला डेट्रॉइटच्या विमानतळावर सोडलं. तिच्यासाठी व्हीलचेअर मागवली होती. नवरा तिच्या पाया पडला. तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला, मला वाटलं आशीर्वाद देतेय, आणि मग तिनं त्याच्यापुढे हात जोडले.

"जावईबापू, माझ्यापायी तुमचं लाकूड गेलं. राग धरू नका."

तो म्हणाला, "असू द्या आई, त्यात काय एवढं."