पिवळ्या पट्टीमागे उभे राहा

आप्पा फिटर गिऱ्हाइकाला गाडीजवळ उभं राहू द्यायचे नाहीत. शिरूरहून दौंडला जाताना, गाव लागायच्या जरा अलीकडे त्यांचं पत्र्याचं गॅरेज होतं. त्यासमोरच्या कोब्यावर त्यांनी रेल्वेच्या फलाटावर असते तशी पिवळी पट्टी रंगवली होती. उमेदीची वर्षं सगळी रेल्वेच्या डिझेल शेडमध्ये गेलेली, त्यामुळे जनतेने कुठे उभं राहायचं याबद्दल त्यांना कधी शंका आली नाही. गाडी पट्टीच्या आत, मालक बाहेर. एकदा एक पुढारी कडक इस्त्रीत, चार माणसं घेऊन थेट बॉनेटपाशी गेले. आप्पांनी पाना खाली ठेवला आणि बिडी पेटवली.

"आप्पा, साहेबांना वळखलं न्हाई का?" एका कार्यकर्त्याने विचारलं.

"गाडी वळखली. तिच्यात ऑइल न्हाई. ह्यांना कुणी बोलावलं?"

साहेब मुकाट्याने पट्टीमागे आले. माझ्या शेजारीच उभे राहिले. मला बरं वाटलं, पण त्यामुळे आप्पा आवडायला लागले असं नाही. त्यांनाही मी आवडत नव्हतो, आणि ते ही गोष्ट लपवत नसत.

बिघाडाचं नाव गिऱ्हाइकाने घेतलेलं त्यांना खपायचं नाही. मी एकदा सहज "बहुतेक इंजेक्टर असेल" म्हणालो, तर म्हणाले, "मास्तर, दवाखान्यात गेल्यावर कुठं दुखतंय त्ये सांगता, का गोळीचं नाव सांगता?" मी शाळेत तीस वर्षं हेच वाक्य वेगवेगळ्या शब्दांत मुलांना ऐकवलं होतं. ते आपल्यावर आलं की किती लागतं, ते त्या दिवशी कळलं. मी शिरूरमध्ये दुसरा मिस्त्री गाठला आणि दौंडची वाट बरीच वर्षं सोडली.

मग आईचं डायलिसिस सुरू झालं. आठवड्यातून दोनदा दौंडला, दुपारचा नंबर, परतायला सात वाजायचे. डायलिसिसनंतर तिला हाडात थंडी भरायची. डिसेंबरात गाडीच्या फटींतून वारा यायचा आणि माझ्या वीस वर्षांच्या डिझेल गाडीचा हीटर कुणीतरी लांबून फुंकर घालावी तसा कोमट श्वास सोडायचा. दोन घोंगड्या आणि गरम पाण्याची पिशवी घेऊनही ती न्हावऱ्यापर्यंत कुडकुडत असायची. एका मंगळवारी घरी उतरताना म्हणाली, "आता न्यायचं न्हाई मला. मरायचंच हाय तर उबेला मरते." आणि शुक्रवारी दवाखान्यात जायला खरोखरच उठली नाही.

शिरूरच्या मिस्त्रीने रेडिएटरमध्ये पाणी ओतलं आणि "झालं" म्हणाला. कारेगावच्या बाजूला एक काचेचं सर्व्हिस सेंटर होतं, तिथे मला कॉफी मिळाली, गार खोलीत बसायला सोफा मिळाला, आणि टाय लावलेल्या एका तरुणाने डॅशबोर्ड पूर्ण उतरवून अख्खा हीटर बदलावा लागेल असं इंग्रजीत सांगितलं. गाडीला त्याने हात लावला नव्हता. शेवटी आईला कसंबसं मागच्या सीटवर बसवलं, "फक्त आजचा दिवस चल" म्हणालो, आणि वाटेत आप्पांकडे गाडी वळवली.

मी सवयीने पट्टीमागे गेलो. आप्पा मागच्या काचेतून आत डोकावले.

"आक्का, तुमी बसा," एवढंच म्हणाले. आत बसलेलं ते पहिलंच गिऱ्हाईक असावं.

त्यांनी इंजिन चालू केलं आणि रेडिएटरच्या वरच्या पाइपवर हात ठेवला. मिनिटभरात त्यांच्या कपाळावर आठी आली. इंजिन तापेपर्यंत पाणी अडवून धरणारी एक लहान झडप असते, थर्मोस्टॅट. ती जागेवर असेल तर हा पाइप आधी गार राहतो आणि मग एकदम तापतो. आमचा पाइप पहिल्यापासून हळूहळू कोमट होत होता. म्हणजे पाणी सारखं रेडिएटरकडे पळत होतं, इंजिन तापत नव्हतं, आणि जे इंजिनात नाही ते हीटरमध्ये कुठून येणार? इंजिन बंद करून, जरा निवू देऊन, त्यांनी दोन बोल्ट काढले. आत काहीच नव्हतं.

"कंच्या गाढवानं काढला हा?" आप्पा गरजले. "गाडीचं काळीज काढून घ्येतलं भडव्यानं! मास्तर, कुनाकडं नेली हुती?"

मला आठवत होतं. मी बोललो नाही. ते भित्रेपण होतं की आनंद, हे आजही नक्की सांगता येत नाही.

मागून आईचा बारीक आवाज आला. "तूच की रं आप्पा. बारा वर्सांपूर्वी गाडी तापली हुती तवा. मीबी हुते संगं. म्हनलास, हे बाहेरच्या बर्फातल्या लोकांचं सामान, दौंडच्या उन्हात ह्याचं काय काम. त्या तारेत ओवलास."

टेबलावर एका तारेत पंधरा-वीस थर्मोस्टॅट हारासारखे टांगलेले होते. आप्पा त्या हाराकडे बघत राहिले. मी हसणार होतो, पण मला माझंही आठवलं. त्यांचं ते वाक्य मी शाळेत माझं म्हणून सांगितलं होतं, आणि तीन शिक्षकांनी आपापल्या गाड्यांतले काढून घेतले होते.

"व्हय," आप्पा म्हणाले. "मीच त्यो."

मग त्यांनी चहाच्या पातेल्यात पाणी उकळत ठेवलं. आमच्या गाडीला बसतील असे तीन थर्मोस्टॅट तारेतून काढले आणि एकेक पाण्यात सोडला. तिसऱ्याची झडप हळूच उघडली, गार पाण्यात टाकल्यावर मिटली. तो बसवला. नवीन मागवेपर्यंत चालेल म्हणाले. स्वतः गाडी चालवत रेल्वे फाटकापर्यंत गेले आणि आले. आईने घोंगडी मांडीवरून खाली सारली होती.

"पाय तापलं," ती म्हणाली.

"मग जायाचं आता दवाखान्यात. शोभेला न्हाई केला." माझ्याकडे वळून म्हणाले, "आनखी कुनाचे काढलेले म्हाईत हायेत का?" मी तीन नावं सांगितली. त्यांनी मला दिलेली शिवी इथे लिहिता येणार नाही. ती रास्त होती.

आई त्यानंतर दोन हिवाळे दवाखान्यात गेली-आली. ती गेल्यावर चौथ्या दिवशी आप्पा एसटीने शिरूरला आले. घराच्या फाटकाशीच थांबले, आत या म्हटलं तरी आले नाहीत.

"हीटर चालत हुता ना?"

"चालत होता."

त्यांनी माझ्याकडून गाडीची चावी मागून घेतली, बॉनेट उघडलं, इंजिन चालू केलं. मी सवयीने चार पावलं लांब उभा होतो.

"लांब काय हुबे ऱ्हाता, मास्तर? या हिकडं. ठेवा हात."

मी पाइपवर हात ठेवला. शेजारी त्यांनी ठेवला. पाइप अजून गार होता. आम्ही तो तापायची वाट बघत उभे राहिलो.