वीजसुट्टीच्या दिवशी मोजलेलं कुपवाड

“बंद? माझी शेड बंद म्हणून लिवलं? आवं, डोळं साताऱ्यालाच ठिवून आलाय का काय तुमी?”

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत एक शेडवाला माझ्यावर ओरडत होता. आवाज असा, की मिरजेतून सुटलेली गाडी घाबरून परत फलाटाला लागावी. प्लॉट काढून घ्यायची नोटीस मीच त्याच्या हातात दिली होती, आणि मला काहीसुद्धा वाटत नव्हतं.

नव्वदच्या दशकात साताऱ्याच्या कचेरीत माझी नोकरी मोजणीची. नवे धंदे कुठं उभे राहतात, नवीन वस्तू कोण बनवतो, हे मापून सातारा पुढं की सांगली, असा तक्ता करायचा. फॉर्म एवढा लांब, की साताऱ्यात उलगडला तर शेवटचा रकाना कोरेगावात निघावा. साहेबांची शिस्त मात्र एका ओळीची: मशीनचा आवाज आला तर ‘चालू’, नाही तर ‘बंद’. मागच्या फेरीत मी अख्खी वसाहत फिरलो. माशीसुद्धा घोंघावत नव्हती. सगळ्यांना ‘बंद’ लिहून जेवायला गेलो. आणि ‘बंद’ शेडीचा प्लॉट सरकार परत घेणार, असा कायदा.

“वीजसुट्टी व्हती त्या दिवशी!” तो म्हणाला.

आठवड्यातून एक दिवस कारखान्यांची वीज बंद. साताऱ्यात तिचा वार निराळा, कुपवाडात निराळा. बाकीच्या शेडवाल्यांनी फोन फिरवले, ओळखी काढल्या, सुटले. ह्याच्याकडं ना फोन, ना ओळख.

त्यानं मला हात धरून आत नेलं. मोपेडच्या ब्रेकपासून त्यानं एक हत्यार केलं होतं. उसाच्या कांडीवरचा डोळा, म्हणजे जिथून कोंब फुटतो तो, लागणीसाठी अलगद निघायचा, कांडी शाबूत. एवढं सफाईदार, की उसालाही पत्ता लागू नये.

“ह्ये कुठं लिवलंय तुमी?”

कुठंच नव्हतं. ‘नवीन वस्तू’ हा रकाना फक्त चालू शेडींसाठी होता.

साताऱ्यात येऊन मी साहेबांना सांगितलं, चूक माझी आहे, दुरुस्त करू. साहेब फाईलमधून मान वर न काढता म्हणाले, “तक्ता मुंबईला गेला. आपण सांगलीच्या पुढं आलोय.” शिपायानं पेढा दिला. मी खाल्ला. गोड होता म्हणतात.

नोटिशीची मुदत संपायच्या दिवशी कुपवाडला गेलो. शेड रिकामी होती. ते हत्यार तेवढं पोत्यात बांधून त्यानं सायकलला लावलं होतं. दुरुस्तीचं काही झालं नाही, असं मी त्याला सांगितलं.

“बरं,” तो म्हणाला. “शटर धरा जरा. एकट्याला वढत न्हाई.”