रिकाम्या कपाळाचं कीर्तन

झाशीतल्या प्रेमनगरच्या रेल्वे क्वार्टरांत भानूकाकू ख्रिस्ती आहेत हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि बोलत कोणीच नव्हतं. ही कला आपल्याच लोकांना साधते. वाफेच्या इंजिनांचे दिवस होते, कारखान्याचा भोंगा झाला की पुरुष कामाला जायचे आणि बायकांचं जग सुरू व्हायचं. त्या जगात काकूंना मान होता, पण तो त्यांच्या गळ्याला.

पूर्ण नाव भानुमती वामन कदम. माहेर नगरकडचं, नवरा कारखान्यात फिटर. काकूंचे वडील गावोगाव कीर्तनं करत. धोतर, फेटा, चिपळ्या सगळं आपल्या हरदासासारखं, आख्यान मात्र येशूचं. लेकीनं बापाचा गळा जसाच्या तसा उचलला होता. क्वार्टरांत मराठी माणसं मूठभर, त्यात सुरात गाणारं कोणी नाही, त्यामुळे आमच्या घरच्या गुरुवारच्या भजनाचं काकूंवाचून पान हलत नसे. भजन आमच्या घरी, कारण भजनी मंडळाचे सर्वेसर्वा माझे वडील, गोविंदराव हेडक्लार्क.

पण सवाष्ण बाई मोकळ्या कपाळानं देवापुढं कशी बसणार? त्यावर माझ्या आईनं, यमुनाबाईनं, तोडगा काढला होता. काकू उंबऱ्याशी आल्या की आई करंड्यात बोट बुडवून त्यांना कुंकू लावायची आणि हळूच म्हणायची, झाकली मूठ सव्वा लाखाची. काकू मान खाली घालून आत जायच्या, विठ्ठलाचे अभंग गायच्या आणि परत जाताना आमच्या मागच्या नळावर कपाळ धुवायच्या. वर्षानुवर्षं हे असंच चाललं. आईच्या मते हे प्रेम होतं. प्रेम होतंच, नाही कशाला म्हणू, पण मला त्या नळाचा राग यायचा आणि म्हातारपणी अजूनही येतो.

मग काकूंचे वडील वारले. भाऊ त्यांच्या चिपळ्या घेऊन झाशीला आला. पुढच्या गुरुवारी काकू त्या चिपळ्या हातात घेऊनच आमच्या दारात उभ्या राहिल्या. आईचं बोट पुढं आलं, तसा त्यांनी कपाळावर तळहात धरला.

"यमुनाबाई, कुंकू नको. मी ख्रिस्ती आहे. माझा बाप जन्मभर चारचौघांत हे गात हिंडला, आणि मी तुमच्या नळावर कपाळ धुते."

आतल्या झांजा थांबल्या. बाबा उठून दारात आले. राग आला की ते हिंदीत शिरायचे.

"देखिए भानूबाई, तुमचा धर्म तुमच्या घरी. हे भजन आमच्या घरी."

"बरं," काकू म्हणाल्या. "मग माझ्या घरी या."

नाताळच्या दुसऱ्या दिवशी, उन्हं कलताना, आपल्या व्हरांड्यात कीर्तन करणार, हे त्यांनी तिथंच जाहीर करून टाकलं. बाबांनी मंडळाला बजावलं की आपल्यातलं कोणी तिकडं फिरकायचं नाही. चर्चमधून तरी शाबासकी मिळावी, तर तिथले पाद्रीसाहेब म्हणाले की चिपळ्या या मूर्तिपूजेतल्या, प्रभूच्या नावाशी त्या शोभत नाहीत. देवाला चिपळ्या चालत नाहीत हे तुम्हाला कोणी सांगितलं, असं काकूंनी त्यांना विचारलं. त्यावर साहेब रागावले. वामनकाका बिचारे घाबरट. शेजार तुटला तर परमुलखात आपलं कोण, असं म्हणत ते आठवडाभर बायकोची मनधरणी करत राहिले. काकूंनाही भीती वाटत होती. पाठ करताना त्यांचा आवाज कापतो, हे मी आमच्या सामाईक भिंतीपलीकडून ऐकत होते.

त्या दिवशी व्हरांड्यात चर्चची काही माणसं बसली होती, सगळी हिंदी बोलणारी. मराठी बायका कुंपणाबाहेर शाली लपेटून, सहज गप्पा मारायला थांबल्यासारख्या उभ्या. त्यांतच मी आणि आई. बाबा जरा लांब, कोण कोण आलंय ते बघायला.

काकू उभ्या राहिल्या, नऊवारी नेसून, कपाळ रिकामं. पहिलं पद कापऱ्या आवाजात गेलं. दुसऱ्या पदाला चिपळ्यांनी ठेका धरला आणि आवाज असा मोकळा सुटला की कुंपणावरच्या गप्पा बंद पडल्या. पूर्वरंग रंगला, संपला, आणि काकू थांबल्या. आता रीतीप्रमाणे समोरच्या वडीलधाऱ्यानं उठून कीर्तनकाराला हार घालायचा, मग आख्यान लावायचं. व्हरांड्यातल्या मंडळींना हे कुठून माहीत असणार? संपलं समजून त्यांनी टाळ्या वाजवल्या आणि ती चपला शोधू लागली.

काकू कुंपणाकडे वळल्या.

"आतल्यांना रीत ठाऊक नाही. बाहेरच्यांना ठाऊक आहे. मी थांबले आहे."

बाबांची नजर बायकांवरून फिरत होती. मग माझ्या आईनं फाटक उघडलं. शालीखालून तिनं झेंडूचा जाडजूड हार काढला. पार शहरातल्या लक्ष्मी गेटच्या माळ्याकडचा तो हार होता, म्हणजे बाई सकाळीच ठरवून बसली होती आणि मलाही पत्ता लागू दिला नव्हता. तिनं हार घातला. सवयीनं तिचं बोट काकूंच्या कपाळाकडे गेलं, अर्ध्यावर थांबलं आणि मागं आलं. मग कीर्तनकाराच्या पाया पडतात तशी ती वाकली.

त्यानंतरचं आख्यान घर सोडून गेलेल्या मुलाचं आणि त्याच्या बापाचं. कुंपणावरच्या बायका एकेक करून आत येऊन बसल्या. मी ढसाढसा रडले. बाबा मात्र घरी निघून गेले.

रात्री जेवताना त्यांनी विचारलं, गुरुवारचं काय. आईनं भाकरी वाढली आणि ती म्हणाली, "भानू येईल, आणि अशीच येईल. करंडा मी आत ठेवलाय. नको असेल तर भजन दुसरीकडे न्या."

बाबांनी भजन दुसरीकडे नेलं नाही. बिनसुराचं भजन कोणाच्या दारी नेणार? त्या गुरुवारी अर्धं मंडळ आलंच नाही. काकू आल्या, सरळ आत येऊन बसल्या. त्यांची पाळी आल्यावर आईच म्हणाली, तुझं म्हण. काकूंनी चिपळ्या उचलल्या आणि वडिलांचं पद धरलं:

येशू म्हणे, बाप माझा
उघडा ठेवी दरवाजा

बाबा ताडकन उठले आणि मागच्या अंगणात, नळापाशी जाऊन उभे राहिले. काकूंनी ते पाहिलं. त्यांनी पद थांबवलं नाही, आवाज चढवला, नळापर्यंत नीट ऐकू जाईल एवढा.